घोंगडीवरचे आकाश

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ अंतराळयान आहे. लांबी म्हणाल तर तुमच्या मधल्या बोटाएवढी. खऱ्या आकाशात मी कधीच गेले नाही. माझ्या साऱ्या लढाया रहिमतपूरच्या एका घरात, एका टेबलावर झाल्या. आजही मला त्यांचीच ओढ लागते.

मला आकारामांनी घडवले. ते फौजेत हवालदार होते. लढाईआधी मुलूख समजावा म्हणून वाळूत डोंगर, ओढे, गावे मांडायची आणि त्यांवर इवल्या तोफा, रणगाडे सरकवून सराव करून दाखवायचा, हे त्यांचे काम. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा पाय अधू झाला आणि ते घरी परतले. त्यांच्याच तुकडीतले दादासोही परतले. दादासो जतकडच्या मेंढपाळ घरातले. त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती, पण त्यांचे बोलणे बंद झाले होते. सांगलीला बहिणीच्या घरी ते भिंतीकडे बघत बसून राहत.

आकाराम त्यांना बाजारच्या दिवशी रेल्वेने रहिमतपूरला आणू लागले. मित्राचे मन रमावे म्हणून त्यांनी टेबलावर वाळू पसरली आणि जुना सराव मांडला. दादासो वाळूतल्या एका टेकडीकडे बघत राहिले. मग हात फिरवून त्यांनी ती टेकडी पुसून टाकली आणि उठून दाराबाहेर जाऊन बसले.

आकारामांच्या पत्नी रंगुबाई म्हणाल्या, "आवं, ह्या डोंगरांनीच त्येंचं त्वांड मिटलंय. आन् तुमी त्येच फुडं मांडताय व्हय?"

"मग जितं डोंगर न्हाई, गाव न्हाई, कुनाचं घर न्हाई, असा मुलूख आनू कुटनं?" आकारामांनी विचारले.

दोन-चार दिवस गेले. एके संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "मानसं चंद्रावर जाऊन आली की. आमी बी वरच जाऊन लढू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला करायला घेतले. बाभळीच्या ढलपीतून माझे पोट कोरले. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पंख केले. शाईच्या पेनाचे टोपण झाले माझे नाक, आणि दातांच्या मलमाची झाकणे मागची इंजिने. ट्रंकेला लावून उरलेला चंदेरी रंग त्यांनी माझ्यावर चढवला, तेव्हा रंगुबाई म्हणाल्या, "लय देखणं झालं!" माझे नाव ठेवले भरारी. माझ्यामागून आणखी याने झाली आणि दोन ताफे तयार झाले.

दादासो आले, तेव्हा आकारामांनी त्यांच्याच खांद्यावरची काळी घोंगडी मागून घेतली आणि टेबलावर अंथरली. तिच्यावर ज्वारीचे दाणे विखुरले. त्या झाल्या चांदण्या. कवड्या टाकायच्या, दान पडेल तितक्या दोरीवर मारलेल्या गाठी मोजायच्या आणि यान पुढे न्यायचे, असा खेळ ठरला. दादासो नुसते बघत होते. आकारामांनी मला उचलले आणि दोरीचे मागचे टोक हळूच सरकवून एक गाठ जास्तच पुढे ठेवले.

"दोरी माघारी घे, गड्या," दादासो म्हणाले. "लबाडी करतूस."

किती महिन्यांनी आवाज फुटला होता! चुलीपुढे रंगुबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. आकारामांनी दोरी माघारी ओढली, मला एक गाठ मागे घेतले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर दर बाजाराला आमची लढाई होई. दादासोंनी एडक्याच्या शिंगातून स्वतःचे यान कोरून आणले. ते बाकदार, काळे आणि गुळगुळीत होते. ते समोर आले की माझ्या पत्र्याच्या पंखांवर जणू शहारा येई. आम्ही वैरी होतो खरे, पण त्याच्याइतके जवळचे मला कुणीच नव्हते. हळूहळू दादासो खेळता खेळता त्या टेकडीविषयी, तिथे पडलेल्या सोबत्यांविषयीही बोलू लागले. आकाराम ऐकत राहत.

मग एका दिवाळीआधी दादासो उभ्या उभ्याच आले. "बाचं गुडघं थकल्यात. मेंढरं आता मलाच हाकाय पायजेत. निगतो, आकाराम."

"जा की. पर यान घिऊन जा तुजं."

शिंगाचे यान कनवटीला लावून, घोंगडी खांद्यावर टाकून ते गेले.

पुढच्या बाजाराला आकारामांनी चादर अंथरली, दाणे टाकले, मला मांडले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. असे पुष्कळ बाजार गेले. पुढे साताऱ्याला कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी मला फळीवर ठेवले. तिथे माझा रंग उडाला. मांजराने पाडले, तेव्हा एक पंखही वाकला.

गेल्या वर्षी जतकडचा गुंडा नावाचा लोकरीचा व्यापारी घरी आला. आकारामांनी पहिला प्रश्न दादासोंचाच विचारला.

"दादासो व्हय?" गुंडा हसला. "त्येच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलं की सुटका न्हाई बगा. पोरासोरांस्नी गोळा करून बोलतच बसतोय. गप म्हटलं तरी गप बसत न्हाई!"

 आकाराम म्हणाले, "बोलतोय न्हवं? मग झालं."

गुंडा गेल्यावर त्यांनी मला फळीवरून काढले, धूळ पुसली आणि वाकलेला पंख अंगठ्याने सरळ करत ते कितीतरी वेळ बसून राहिले.

मित्रांनो, ज्याच्यासाठी मला घडवले तो माणूस बरा झाला, म्हणून माझे काम संपले. याचे मला सुख आहे, आणि दुःखही त्याचेच आहे. तुमच्या घरी फळीवर एखादी हाताने केलेली वस्तू धूळ खात असेल, तर ती पुसा, मोडली असेल तर नीट करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ती करणारा माणूस घरात कुठे एकटा बसला आहे ते बघा, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसा.