पाणी न सोसणारा हिरवा खडा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा खडा आहे. खडा म्हणतो खरा, पण मोहरीच्या दाण्याशेजारी ठेवलात तर मोहरीच थोराड दिसेल.

माझा जन्म ज्वालामुखीच्या अंगावरच्या एका भेगेत झाला. त्या भेगेतून इतके गरम वायू येत, की कोणी काडी पुढे केली तर ती पेटावी. त्या वायूंवर स्वार होऊन तांबे आले आणि सोमल आला. सोमल म्हणजे जहर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. भेगेच्या कडेला जरा गारवा लागला, तसे ते दोघे तिथेच बसले आणि त्यांचे आम्ही झालो. तांब्याने आम्हाला हिरवा रंग दिला, सोमलाने विष दिले. काचेसारखी चकाकी होती, पण अंग फार ठिसूळ. पाण्याची मात्र आम्हाला ओळखच नव्हती. त्या उष्णतेत त्याचा थेंब कधी टिकलाच नाही.

एके दिवशी दगडांचा अभ्यास करणाऱ्या ताई तिथे आल्या. त्यांनी आमच्यासकट दगडाचे तुकडे काढून थैलीत भरले. मी त्यातून निसटलो, तेव्हा त्यांनी मला चिमट्याने उचलून कुपीत घातले, बूच लावले आणि कुपी कोटाच्या खिशात टाकली. तेवढ्यामुळे मी वाचलो.

ताई ज्या संग्रहालयात काम करत, तिथेच त्यांचा थोरला भाऊ दगड साफ करायचा. तिथली रीतच होती, बाहेरून आलेला दगड आधी पाण्याच्या टोपात बुडवायचा, मग ब्रशने घासायचा. बहीण दमून आली आहे, तेवढेच तिचे काम हलके होईल, म्हणून ताई चहा पीत होत्या तेवढ्यात दादाने थैली उघडली.

"ये, बघ, कसे लख्ख केलेत!" त्याने टोपली पुढे केली.

ताईंनी एकेक तुकडा उलटून पाहिला. "दादा, यावरचं हिरवं कुठे गेलं?"

"ते शेवाळं? एका हातासरशी निघालं."

"अरे, भट्टीसारख्या भेगेत शेवाळं येतं का?"

दादाचा चेहरा उतरला. "मग दगड धुवायचा नाही तर काय, लोणचं घालायचं?" तो हसायला गेला. ताई हसल्या नाहीत. माझी सगळी भावंडे त्या टोपातल्या पाण्यात विरघळून गेली होती.

ताई पुन्हा डोंगरावर गेल्या, पण दरड कोसळून भेग बुजली होती. आता मी एकटाच. आम्ही अगदी नवी जात आहोत, असे ताईंचे म्हणणे होते. बाकीचे अभ्यासक म्हणत, तांब्याचा डाग असेल. खरे-खोटे करायला मला यंत्रात घालायला हवे होते आणि त्यासाठी माझे दोन भाग करायला हवे होते. सुई जरा चुकली तर माझा भुगा, आणि ताईंचे म्हणणे कायमचे हवेत. त्यांनी सुई उचलली आणि परत खाली ठेवली. दगड धुतले त्या दिवसापासून दोघे भाऊबहीण कामापुरतेच बोलत. तरी बारीक कामाला हात त्याचाच पक्का, म्हणून ताईंनी दादालाच हाक मारली.

"माझ्या हातावर भरवसा आहे अजून?" त्याने दारातूनच विचारले.

"हाताला काय झालंय तुझ्या? फक्त पाणी लांब ठेव."

दादाने हात कोरडे केले, पुन्हा कोरडे केले आणि श्वास रोखून सुई टेकवली. मी मधोमध उकललो. माझा अर्धा भाग यंत्रात गेला, क्ष-किरणांनी त्याच्या आतली रचना दाखवली आणि ती कोणत्याच माहीत असलेल्या दगडाशी जुळेना. ताईंचे खरे ठरले. त्या दिवशी दोघांनी एकाच टेबलावर चहा घेतला. माझा तो अर्धा भाग मात्र परत आला नाही.

मला नाव मिळाले, काचेचे कपाट मिळाले. कुपीत ओल शोषणारे निळे दाणे घातले. ओल प्यायले की ते गुलाबी होतात. दादा ते बदलायला यायचा. हातमोजे घालायचा आणि "काय रे, बरा आहेस ना?" असे विचारताना तोंड बाजूला वळवायचा, कारण माणसाच्या श्वासातही पाणी असते. माझ्याशी कोणी कधी बोलले असेल, तर तेवढेच.

आता ताई नाहीत. दादाही काम सोडून गेला. लोक येतात, मोठे चमकदार दगड बघतात आणि पुढे जातात. माझ्या कुपीतले सगळे दाणे गुलाबी झाले आहेत आणि माझी एक कड धूसर होऊ लागली आहे.

मित्रांनो, मला हातात घ्या, असे मी म्हणणार नाही. माझ्या अंगात जहर आहे आणि तुमच्या बोटांना ओल. कोणावर माया करायची तर त्याला काय सोसत नाही, ते आधी विचारून घ्या, एवढेच मला कळले आहे. कधी कोपऱ्यातल्या कपाटापाशी आलात आणि दाणे गुलाबी दिसले, तर तिथल्या माणसाला तेवढे सांगा. आणि दाणे बदलताना तो माझ्याशी दोन शब्द बोलणार असेल, तर त्याला म्हणावे, तोंड जरा बाजूला वळव.