निकम सरांचं शिफारसपत्र

ज्योत्स्ना गावितचा फॉर्म केव्हाच भरून पाठवून झाला होता. अडलं होतं ते फक्त निकम सरांच्या शिफारसपत्रापाशी, आणि सर गंगापूर रोडवरच्या आपल्या घरी पलंगाला खिळून होते. तीन आठवड्यांपूर्वी वर्गात शिकवता शिकवता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून एकच शब्द फुटायचा, "हो."

ज्योत्स्ना सुरगाण्याकडची. तिचे आईवडील दरवर्षी दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये छाटणीला येत. पोरीनं एम.एस्सी. केलं आणि नागलीवरच्या, म्हणजे नाचणीवरच्या, करपा रोगाचा अभ्यास हाती घेतला. असलं काम जर्मनीतल्या एका विद्यापीठात चालतं आणि तिथली शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते, हे सरांनीच हुडकून काढलं होतं. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करायची अट होती, आणि तिचं हे तिसरं वर्ष. "तू फॉर्म भर, पत्र माझ्याकडे लागलं," सर म्हणाले होते. फॉर्म पाठवल्यावर शिफारस करणाऱ्याचं नाव बदलता येत नव्हतं.

रविवारी दुपारी साडेचारला मुदत संपत होती. शनिवारी सकाळी ती सरांकडे गेली ती चोरासारखी. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि आपण पत्र मागायला निघालोय, याची तिला लाज वाटत होती. विषय सरांच्या पत्नीनं, काकूंनीच काढला.

"झटका आला त्याच्या आदल्या दिवशी तुझंच काहीतरी लिहीत बसले होते गं."

त्यांनी सरांचा लॅपटॉप उघडून दिला. पत्र सापडलं. डोक्यावर घोंगडं घेऊन ही मुलगी भर पावसात बेचाळीस शेतांतल्या पानांवरचे ठिपके कशी मोजत हिंडली, ते सरांनी लिहिलं होतं. पुढचा परिच्छेद अर्ध्या वाक्यात थांबला होता. दोघींनी आहे तेवढं पाठवून पाहिलं. किमान चारशे शब्द हवेत, असं सांगून वेबसाइटनं ते परत केलं. पत्र दोनशेचंही नव्हतं.

"तूच पुरं कर," काकू म्हणाल्या. "त्यांना काय लिहायचं होतं ते तुला ठाऊक आहे."

कॉलेजात कितीतरी मुलं आपली पत्रं आपणच लिहून मास्तरांपुढे सहीला ठेवत. निकम सर मात्र तसल्या कागदाला हात लावत नसत. ज्योत्स्ना पलंगाजवळ जाऊन बसली.

"सर, पुढचं मी लिहू का?"

"हो," सर म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकूंनी पाणी हवं का विचारलं. सर हो म्हणाले आणि पेला ओठांशी येताच त्यांनी तोंड फिरवलं. ज्योत्स्नानं प्रश्न उलटा करून विचारला.

"सर, मी लिहू नको ना?"

"हो."

तो शब्द चुकीचा पडला हे सरांनाही कळलं असावं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, ते समजेना. मग ते डाव्या हातानं लॅपटॉपकडे खुणा करू लागले. काकूंनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. एक बोट बराच वेळ अक्षरं शोधत राहिलं, आणि पडद्यावर एकाच अक्षराची लांबलचक रांग उमटली. सर ती रांग बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा काकूंनी लॅपटॉप काढून घेतला.

ज्योत्स्नानं जर्मनीला सगळी हकिगत कळवली. कार्यालय सोमवारी उघडेल, एवढंच आपोआप उत्तर आलं. फोन नुसता वाजत राहिला.

रविवारी चार वाजता ती त्या अर्ध्या वाक्यापुढे बसली. तिनं तीन वाक्यं लिहिली. ती इंग्रजीत चांगली जमली होती, सरांच्याच तोंडची वाटावीत अशी. त्यामुळेच तिचा हात पुढे चालेना. तिनं ती पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. काकू मागे उभ्या होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. साडेचारला वेबसाइटवरचं पान बंद झालं.

सोमवारचं उत्तर फार सौजन्यानं लिहिलेलं होतं. त्यांना वाईट वाटलं होतं, सरांना आराम पडो असंही म्हटलं होतं, पण मुदत सगळ्यांना सारखीच होती.

तिनं द्राक्षबागेत कामावर असलेल्या वडिलांना, मंगळूला, फोन केला. त्याला शिफारसपत्र म्हणजे काय ते नीट उमगलं नाही. तिच्या हातून काही चुकलं का, एवढंच त्यानं विचारलं. नाही, ती म्हणाली. मग कोणाचं चुकलं, हे त्यानं विचारलं नाही. मागून मुकादमानं हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. त्यांना काही सांगू नकोस, असं काकू दारातच म्हणाल्या. पण सर तिच्या चेहऱ्यावरून नजर काढीनात. खोटं तिच्या तोंडून निघेना.

"नाही झालं, सर," ती म्हणाली.

सरांनी डोळे मिटून घेतले. ती तासभर बसून राहिली, पण त्यांनी ते उघडले नाहीत.