चौदावा रकाना

धडधाकट माणसाला आजारी ठरवायला विमा कंपनीत एक खास साहेब बसवलेला असतो, ठाऊक आहे का तुम्हाला? या आमच्या साहेबांना हाताखालचे लोक चाळणीसाहेब म्हणत. आलेले अर्ज ते चाळायचे आणि चौदाव्या रकान्यात ‘हो’ दिसलं की नामंजूरचा शिक्का हाणायचे. चौदावा प्रश्न असा, की जनुकीय तपासणीत पुढे एखादा आजार होण्याची शक्यता दिसली आहे का?

त्या दिवशी एक शिंपीणबाई आपला नामंजूर अर्ज घेऊन थेट त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. मापाची टेप गळ्यातच होती, दुकान अर्धवट टाकून आली होती बिचारी. आई आतड्याच्या कॅन्सरने गेली, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने ही तपासणी केली, आणि आईच्या जनुकातला दोष तिच्यातही निघाला. तेव्हापासून डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता ती आतडी तपासून घेते आणि आजवर ठणठणीत आहे, असं तिने शांतपणे सांगितलं. साहेबांनी नियमाकडे बोट दाखवलं.

“माझ्या धाकट्या बहिणीला गेल्याच महिन्यात तुम्ही विमा दिलात,” बाई म्हणाली. “आई एकच. पण ती तपासणीला गेलीच नाही, म्हणून तिचं ‘नाही’ चाललं. मी काळजी घेतली, तर मला दार बंद! माझी बहीण काही चोर नाही साहेब, पण संन्याशाला फाशी मात्र झाली.”

नियम वरून येतात, आपल्या हातात काही नाही, हे ठरलेलं उत्तर साहेबांनी दिलं.

“तुमच्या घरात कोणी केलीय ही तपासणी?” बाईने विचारलं.

साहेबांनी चटकन टेबलाचा खण आणखी आत ढकलला. त्यांची आईही त्याच आजाराने गेली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी दोन वर्षं त्यांच्या त्या खणात, शिक्क्याच्या डबीखाली पडून होती. का? तर चौदावा रकाना उद्या आपल्यालाही भरावा लागेल, या भीतीने! काय म्हणावं या माणसाला? दुसऱ्यांचे अर्ज फेटाळताना हात कधी अडखळला नाही, आणि इथे स्वतःच्याच जिवाशी खेळत बसला होता. त्याचा राग येतोच, पण ज्यांनी तो रकाना छापला त्यांचा त्याहून जास्त येतो.

खण ढकलणारा हात पाहून बाईला न सांगताच कळलं. “म्हणजे तुम्हीही माझ्या बहिणीसारखेच,” ती हळू आवाजात म्हणाली. “अहो साहेब, रकाना भरायला माणूस तर उरला पाहिजे ना?”

साहेबांनी शिक्का बाजूला सारला. अर्जावर लिहिलं, ‘अर्जदाराला कोणताही आजार नाही, मंजूर.’ खाली चौदावा प्रश्न काढून टाकावा अशी शिफारस केली आणि सही ठोकली. तासाभरात वरचे साहेब फोनवर कडाडले. चाळणीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, सही मात्र मागे घेतली नाही. मग खणातली चिठ्ठी खिशात घालून ते रक्त तपासायला गेले.

लोकहो, आईबापांचं रक्त कोणी निवडून घेत नाही, मग त्याची शिक्षा का भोगायची? वेळेवर जाणून घेणाऱ्यालाच दंड बसला, तर उद्या कोणी जाणून घेणार नाही, आणि वाचू शकणारी माणसं उगाच मरतील. असा रकाना समोर आला, तर मुकाट्याने भरू नका. हे विचारणारे तुम्ही कोण, असं आधी त्यांनाच विचारा!