मी काकपद, दोन शब्दांमधली खूण

टक्. निजानीज झालेल्या दुपारच्या घरात पेन्सिल फरशीवर पडली. ऋजुताने श्वास रोखून पाहिलं. पहिलीतली सानवी नुसती कूस बदलून पुन्हा झोपली.

मित्रांनो, त्या पेन्सिलीच्या टोकाशी मी होते. मी काकपद, एक जुनी खूण. कावळ्याच्या पावलासारखी दिसते, म्हणून हे नाव. पोथी उतरवताना शब्द राहिला, की तिथे बोरूने मला काढत आणि राहिलेला शब्द समासात लिहीत. एका शब्दापायी पान फुकट जात नसे. पुढे छापखान्यांनी मला कामाला लावलं. दूरदेशी माझ्यासारखीच खूण आहे. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ म्हणे ‘इथे उणं आहे’. आता कळफलकावर सहाच्या डोक्यावर मी बसून असते, पण क्वचितच कुणी बोलावतं.

मांडवीच्या या घरी मात्र बोलावणं आलं. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा होता, तपासलेली पानं संध्याकाळी परत जायची होती. ओळ होती, ‘विनीत, पत्नी ऋजुता, कन्या सानवी’. सानवीच्या आधी ऋजुताला मुलगा झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी तो गेला. ना नाव, ना ओळीत जागा.

तिने ‘कन्या’च्या आधी मला काढलं. माझे दोन्ही पाय नीट उमटले. वर लिहिलं, ‘पुत्र, अकरा दिवस’.

कुलवृत्तांतासाठी ही यादी करणारे सासरे, आप्पा, मागे येऊन उभे होते.

“माझी चूक काढलीस वाटतं गो?”

“चूक नाही, आप्पा. राहिला होता.”

आप्पा चष्मा पुसत राहिले. “मुद्दाम गाळला. म्हटलं, छापलेलं बघून तुला त्रास नको.”

“नसलेलं बघून होतो.”

आप्पांनी पेन्सिल घेतली. “तुझं मुंगीएवढं अक्षर छापखान्यात दिसायचं नाही,” म्हणत त्यांनी मला ठळक गिरवलं आणि समासात तेच शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कुणी गिरवलं नव्हतं.

मित्रांनो, पान देखणं राहावं म्हणून मला टाळू नका. माझ्यामुळे पान थोडं विस्कटतं, पण राहिलेल्याला जागा मिळते.

तेवढ्यात डोळे चोळत सानवी आली आणि अक्षरं जुळवू लागली.

“पुत्र म्हणजे कोण?”

“तुझा दादा.”

“त्याचं नाव?”

“ठेवायचं राहिलं, बाळा.”

सानवीने पानावर बोट ठेवलं.

“मग आई, त्याला हाक कशी मारायची?”