ढोलाचा सातवा वाटा

मी ढोल बोलतोय. खरं तर कोणी टिपरू हाणल्याशिवाय तोंड उघडायची आमच्यात पद्धत नाही. पण दुपारी या बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टी निवत असते, पावाचा वास भिंतींना चिकटलेला असतो, खिडकीतून ढग आत येऊन जमिनीवर पसरतात, आणि अशा वेळी मी झोपेत बडबडतो. ऐकायचं तर ऐका.

माझ्या अंगात नदीकाठचं एक झाड आहे आणि दोन बकऱ्या आहेत. डोळा लागला की झाड नदीकडे जातं, बकऱ्या डोंगर चढायला लागतात. मी कुठे जायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून मी इथेच पडून राहतो.

मला घडवलं क्रिसोफोरो सुताराने. त्याचा खरा धंदा खुर्च्या आणि शवपेट्यांचा. ढोल त्याने आयुष्यात एकच केला, तो मी. ढोलाच्या कुशीला एक बारीक भोक लागतं. ते नसलं तर हवा आत कोंडते आणि आवाज गुदमरतो. ते भोक पाडताना त्याचं गिरमिट जरा जास्तच घुसलं. अंगठा आत जाईल एवढं भगदाड पडलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "असू दे, मोठा श्वास घेईल लेकाचा." माझं पुढचं सगळं आयुष्य त्या भोकामुळे घडलं.

ला नूबे हे आमचं गाव. मला विकत घेतलं इथल्या 'गोलोंद्रिनास' बँडने. गोलोंद्रिनास म्हणजे पाकोळ्या. पण आमच्या पाकोळ्यांत उडण्याजोगं कोणी नाही. सनईसारखं क्लॅरिनेट वाजवतो तो नाझारिओ मास्तर, एरवी गावाची हजामत करतो. अंगाभोवती वेढा घालून बसणारं भलंमोठं पितळी ट्यूबा वाजवते ओब्दुलिया. ही बेकरी तिची, आणि ट्यूबा तिच्या वडिलांचं. मला वाजवतात फिदेन्सिओ काका, पेशाने चांभार, मागे-पुढे कोणी नाही. बाकीचे तिघे कर्णेवाले. त्यांचं नाव काढत नाही, कारण ते नेहमी माझ्यावर कुरघोडी करतात.

आमच्यात एक जुनी रीत होती. माणसं सहा, पण मिळालेल्या पैशाचे वाटे सात. सातवा वाटा माझा. कातडं फाटतं, दोऱ्या तुटतात, तेव्हा ढोलालाही पोट आहे, असं मास्तर म्हणायचा. नोटेची सुरळी करायची आणि क्रिसोफोरोच्या भोकातून आत सारायची. नोव्हेंबरात वाजंत्र्यांची देवी, संत सेसिलिया, तिचा सण येतो. त्या दिवसासाठी माझं जुनं कातडं उतरवायचं, पोटातली माया काढायची, त्यात नवं कातडं, देवीची प्रार्थना आणि गावजेवण करायचं. वर्षभर मी पोटुशी असायचो म्हणा ना.

पूर्वी पैसे कसे मिळायचे? लग्नघरची म्हातारी केळीच्या पानात मक्याच्या पिठाचे उकडलेले तमालेस बांधून द्यायची आणि त्याच पुडक्यात नोटा. कधी नोटांना मिरचीचा रस्सा लागलेला असायचा. कोणी कागद मागितला नाही, कोणी दिला नाही. मग नगरपालिकेत नवा कारकून आला. जत्रेला वाजवून मास्तर पैसे मागायला गेला, मी काकांच्या पाठीवर होतोच.

"पैसे आहेत, मास्तर. पण बिल आणा. कर क्रमांक असलेलं."

"चाळीस वर्षं वाजवतोय. बारशाला वाजवलं, मयताला वाजवलं. कुणी क्रमांक नाही विचारला."

"मयत बिल मागत नाही. नगरपालिका मागते."

आता सहा जणांत कर क्रमांक होता एकट्या ओब्दुलियाकडे, कारण तिचा पाव शाळेत जायचा. मास्तरने मान खाली घालून तिला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "एका सहीचा तर प्रश्न आहे. माझ्या नावाने देते. हातातला पाव नंतर गरम चॉकलेटात बुडवा, आधी पत्ता सांगा त्या कारकुनाचा."

झालं. तेव्हापासून दर जत्रेला सात हजार पेसोंचं बिल, ओब्दुलियाच्या नावाचं. पैसे तिच्या बँकेतल्या खात्यात यायचे. ती त्याच दिवशी काढून आणायची आणि बेकरीसमोरच्या बाकावर सात वाटे पाडायची. एक पेसो इकडचा तिकडे नाही. माणसं सही करताना जीभ थोडी बाहेर काढतात हे मी तेव्हा पाहिलं. पण वाट्यांवर मात्र कोणी सही केली नाही. आपसांत कसली सही? कर्णेवाला तर म्हणाला, "ताई, तुझ्याकडून पावती मागायची म्हणजे आईकडे दुधाचा दाखला मागणं."

मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

त्याच सुमारास काकांचं काहीतरी सुरू झालं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एक ठोका द्यायचा तिथे दीड पडायचा. कोणी बोललं नाही. मास्तर उलट चाल जरा संथ करायचा. पण बाकावरून वाटा घेतला की मला इथे मागच्या खोलीत ठेवण्याआधी काका चौकातल्या पिंपळाएवढ्या झाडाआड थांबायचे, इकडे तिकडे बघायचे, आणि स्वतःचे हजार पेसो सुरळी करून माझ्या पोटात सारायचे. माझ्या कुशीवर हात फिरवून म्हणायचे, "चूप बस हं."

चूप बसण्यावाचून मला काय येतं?

पुढे सणाला कातडं उतरवायची वेळ आली की काका सबब काढायचे. एका वर्षी म्हणाले, कातडं अजून नवं आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, बकऱ्या महाग झाल्यात. जेवणाचा खर्च त्या दोन्ही वर्षी गावातल्या कोणी ना कोणी उचलला, म्हणून निभावलं. माझं पोट मात्र फुगत गेलं आणि आवाज बसला. ढोलात कागद साठला की तो ढोल राहत नाही, उशी होते. मला झोपही जास्त यायला लागली. स्वप्नात बकऱ्या कागद चघळत बसलेल्या दिसायच्या.

तिसऱ्या वर्षी ओब्दुलियाला करखात्याचं पत्र आलं. तिने ते इथेच उभं राहून वाचलं, दोनदा. मग शहरातल्या हिशेबनीस रेमेदिओसला बोलावलं. रेमेदिओस बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची. पीठ लागू नये म्हणून पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"एक लाख अडुसष्ट हजारांची बिलं, ताई, तीन वर्षांत. उत्पन्न एवढं दिसलं, म्हणून छोट्या धंद्याची बेकरीला मिळणारी सवलतही गेली. कर आणि दंड मिळून सत्तेचाळीस हजार सहाशे. महिनाअखेरपर्यंत."

"पण मला त्यातला सातवाच हिस्सा मिळाला. बाकीचे मी वाटले."

"कागद आहे?"

"बाक आहे. त्या बाकावर वाटले."

रेमेदिओसने चष्मा काढला. "बाकाला सही करता येत नाही ना. प्रत्येकाने आपला क्रमांक काढून आपल्या वाट्याचं बिल तुम्हाला दिलं असतं, तर तुमच्यावर फक्त तुमच्या वाट्याचा कर बसला असता. पुढच्यासाठी ते करू. पण झालेल्या वर्षांचे कागद मी कुठून आणू?"

ओब्दुलियाने कोणाला सांगितलं नाही. मानी बाई. आपण होऊन सही केली, आता पाच जणांपुढे हात कसा पसरायचा? ती रोज दुपारी वडिलांचं ट्यूबा मांडीवर घेऊन पुसायला लागली. एरवी ती पंधरवड्यातून एकदा पुसायची. एका दुपारी ती त्या पितळी तोंडात तोंड घालून हळूच म्हणाली, "बाबा, भट्टी विकली तर खाऊ काय? तुम्हालाच जावं लागेल." तिचा आवाज त्या नळ्यांतून फिरून फार खोलवरून बाहेर आला. मी जागा होतो. मला ओरडावंसं वाटलं. माझ्या पोटात पैसे आहेत गं बाई, फोड मला! पण मारल्याशिवाय आम्ही बोलत नाही. हे एक सोडलं तर ढोल असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सणाला नऊ दिवस उरले होते. सकाळी बँड इथेच तालमीला जमला होता. ओब्दुलिया सारखी चुकत होती. इतक्यात दारात टोपीवाला एक गृहस्थ उभा राहिला.

"ट्यूबा विकायचंय ते हेच का? मी जरा लवकरच आलो."

क्लॅरिनेट मधेच थांबलं. कर्णेवाल्यांची तोंडं कर्ण्यालाच चिकटून राहिली. मास्तर म्हणाला, "पत्ता चुकलात, भाऊ. इथे पाव विकतात."

"नाही चुकले," ओब्दुलिया म्हणाली, आणि पिठाच्या डब्यामागून ते पत्र काढून मास्तरच्या हातात दिलं.

मास्तरने वाचलं. त्याने पत्र मेजावर ठेवलं. "अगं, एवढं होईपर्यंत बोलली नाहीस? पैसे सहा जणांनी खाल्ले आणि ढेकर तू एकटीने द्यायचा?"

"सही माझी होती, मास्तर."

"सही तुझी, पण वाजवलं कुणी? तू एकटीने काय सहा तोंडांनी फुंकलंस?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक कर्णेवाला म्हणाला, गाय विकतो. दुसरा म्हणाला, तुझी गाय घेणार कोण, ती तर सासूबाईंहून म्हातारी. काकांनी मला उचललं, मधोमध मेजावर ठेवलं आणि खिशातून चांभाराची रापी काढली.

"याचं पोट फाडा," ते म्हणाले.

"काका, नऊ दिवसांवर सण आलाय," मास्तर म्हणाला. "या ढगांत नवं कातडं वाळायला पंधरा दिवस लागतील. ढोलाशिवाय वाजवायचं?"

"मग वाजवा ढोलाशिवाय."

मला भीती वाटली हे कबूल करतो. पण काकांनी रापी लावली तेव्हा त्यांचा हात जराही थरथरला नाही. एक लांब चीर, आणि तीन वर्षं कोंडलेला श्वास माझ्यातून बाहेर पडला. त्यामागून नोटा आल्या, पिवळट, सुरळ्या झालेल्या, गव्हाच्या पिठाचा वास लागलेल्या. ओब्दुलिया त्या मेजावर सरळ करत गेली. सव्वीस हजारांवर मास्तरने "बस्स, एवढाच असणार" म्हटलं, कारण जत्रांचा आणि वरच्या लग्ना-बारशांचा मिळून ढोलाचा वाटा तेवढाच होत होता. पण नोटा संपेनात. चव्वेचाळीस हजार दोनशे झाले.

"हे वरचे अठरा हजार कुणाचे?" मास्तरने विचारलं.

ओब्दुलियाने काकांच्या झिजलेल्या कोपरांकडे पाहिलं.

"काका?"

"हात थरथरतो माझा," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन वर्षं झाली, मी नीट वाजवत नाही. तुम्ही मला सांभाळून घेता, ते मला कळत नाही का? न केलेल्या कामाचा वाटा घरी कुठल्या तोंडाने नेऊ? ज्याचं काम त्याला दिलं. ढोलाला."

ओब्दुलियाने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वा, काका! म्हणजे तुम्ही घेतले नाहीत त्या पैशांचाही कर माझ्याच बोडक्यावर!"

आधी मास्तर हसला. मग काका. मग कर्णेवाले, जे हसतानाही तालात नसतात. टोपीवाल्या गृहस्थाला काहीच कळलं नव्हतं, पण तोही हसला. जाताना त्याने चार गोड पाव घेतले आणि त्याचे पैसे दिले. उरलेले तीन हजार चारशे सगळ्यांनी खिसे उलटे करून तिथल्या तिथे भरले. काकांना मात्र कोणी खिशात हात घालू दिला नाही.

सणाच्या दिवशी मी इथेच पडून होतो, फाटलेला, रिकामा. चौकातून पाकोळ्यांचं वाजणं ऐकू येत होतं. माझ्या जागी काकांनी ओब्दुलियाची कणीक मळायची लाकडी काठवट उपडी करून वाजवली. ट्यूबाचा आवाज भिंतींतून माझ्यापर्यंत आला आणि माझ्या उघड्या पोटात घुमला. दीड ठोकासुद्धा आला. मी ते ऐकत ऐकत झोपलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं स्वतःचं स्वप्न पडलं. त्यात मी नुसता वाजत होतो.

आता माझ्यावर नवं कातडं आहे. सगळ्यांचे कर क्रमांक निघालेत. दर कार्यक्रमानंतर बाकावर रेमेदिओस पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि सहा जण आपापल्या वाट्याच्या कागदावर सही करतात, जिभा बाहेर काढून. माझा वाटा बंद झाला. तिच्या तक्त्यात ढोलासाठी रकाना नाही. कातड्याचा खर्च सहा जण मिळून करतात आणि त्याचीही पावती घेतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. आवाज मोकळा झालाय.

तेवढं एक सांगतो. तुमच्या दारी कोणी वाजवायला आलं तर त्यांना पोटभर जेवू घाला आणि पैसे वेळेवर द्या. पण कागद द्याल तो ज्याचा त्याच्या नावाने द्या. भल्या माणसांच्या गळ्यात एकच सही अडकते, आणि भली माणसं बोलत नाहीत.

आणि हो, मी पूर्ण रिकामा नाही. पहिल्यांदा स्वतःच्या नावाने सही केली तेव्हा काकांनी ते हजार पेसो घरी नेले, नवे बूट घेतले आणि आपल्या प्रतीचा कागद कुठे ठेवायचा म्हणून विचारायला आले. रेमेदिओस म्हणाली, "कुठेही ठेवा, पण पाच वर्षं जपून ठेवा हं. कधीही मागतात." काका ऐंशीला टेकलेत. त्यांनी कागदाची सुरळी केली, मास्तरकडे बघून डोळा मिचकावला आणि ती माझ्या भोकातून आत सारली.

"पाच वर्षं," ते माझ्या कुशीवर हात फिरवत म्हणाले. "दोघांनीही सांभाळायचा."

काकांनी ठोका दिला की तो कागद आत हलतो. मास्तर म्हणतो, आवाजात जराशी खरखर आहे, काढून टाकू या. मी आणि काका ऐकत नाही.