नळीचा दोष

"च्यायला, ही नळीच लांब आहे," बंदूक टेबलावर ठेवत तैस्तो पुटपुटला. "झुडपात अडकते."

सिल्वीने नवऱ्यापुढे कॉफी ठेवली. चाळीस वर्षं फिनलंडमधल्या कुहमोच्या त्याच झुडपांतून तो हीच बंदूक नेत आला होता. गेल्या साली मूस हरणांच्या शिकारीत त्याने एका वठलेल्या बुंध्यावर मूस समजून दोन गोळ्या झाडल्या होत्या. शिकारीच्या टोळीतल्या अकराही जणांनी एकमताने दोष नळीला दिला. नळीला वाईट वाटत नाही. आणि त्या टोळीवाचून तैस्तोला घराबाहेर दुसरी माणसं नव्हती.

टोळीतलाच रेइयो बंदुका दुरुस्त करायचा. तो करवत घेऊन आला होता.

"हल्ली सगळेच कापून घेतात," तो म्हणाला. "पुढे सायलेन्सर लावला की फारच लांब होते. दहा सेंटिमीटर कापू?"

"काप."

"परत जोडता येत नाही हं, काका."

"मग पाच काप."

"पाच कापून काय होणार?"

"आणि दहा कापून?" सिल्वीने विचारलं.

शनिवारी शिकार सुरू होणार होती. तैस्तोची जागा ओढ्याकाठी होती, आणि समोरच्या रानातून कुत्रा घेऊन, हरणं उठवत रेइयोची मुलगी येणार होती.

रेइयोने नळीवर खडूने खूण केली. थोड्या वेळाने ती अंगठ्याने पुसली.

"नळी चांगली आहे, काका," तो म्हणाला. "तुम्हाला दिसत नाही."