झीवूचं खोरं आणि माणची वाळू

धोंडीराम मास्तरांइतका जपून वागणारा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. दुधाच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि घरात मांजर म्हणाल तर औषधालाही नाही! "मांजर काय सांगून येतं व्हय?" असं वर आपल्यालाच विचारायचे. त्यांच्या बायकोने, लीलाबाईंनी, कपाळाला हात लावणंसुद्धा आता सोडून दिलं होतं.

मास्तर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण एका मोहिमेतून काही त्यांची सुटका झाली नाही. मोहीम इथली नव्हे, चीनमधली, अठराशे वर्षांपूर्वीची. शू नावाच्या लहानशा राज्याचा प्रधान झूगे लियांग आपल्या बलाढ्य शेजाऱ्यावर चालून निघाला. तेव्हा वेई यान नावाचा सरदार त्याला म्हणाला, "मला थोडं सैन्य द्या. झीवूच्या अरुंद खोऱ्यातून डोंगर ओलांडतो आणि दहा दिवसांत थेट चांगआन शहरावर जाऊन पडतो. तिथला सरदार भित्रा आहे, पळून जाईल." प्रधान म्हणाला, नको. तो लांबच्या सपाट वाटेनं गेला, मागे रसद नीट लावून. मोहीम फसली. पुढे तो पुन्हा पुन्हा गेला आणि शेवटी छावणीतच आजारी पडून वारला. चांगआन काही हाती लागलं नाही.

"न लागू दे! सैन्य तर राखलं की!" मास्तर तावातावानं म्हणायचे. "खोऱ्याची दोन्ही तोंडं शत्रूनं बंद केली असती म्हणजे? लहान राज्य ते, एकदा बुडालं की बुडालंच."

हे सगळं ऐकून घ्यायला घरात एकच माणूस होतं, त्यांची भाची पायल. बहीण बजाबाई सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत राबायची, म्हणून पायल शाळेसाठी मामाकडे राहिली. रविवारी दुपारी फरशीवर मोहीम मांडली जायची. कडक भाकरीचे तुकडे म्हणजे डोंगर, शेंगा म्हणजे सैन्य. पायल हटकून वेई यानची बाजू घ्यायची.

"मामा, एकदा जाऊन तर बघायचं होतं! फार तर काय, हरले असते. तसेही हरलेच की!"

मास्तर उत्तर शोधेपर्यंत ही पोरगी निम्मं सैन्य सोलून खाऊन मोकळी. मास्तरांना स्वतःचं लेकरू नव्हतं, पण ती उणीव पायलने त्यांना कधी भासू दिली नाही. जीव होता त्यांचा तिच्यावर.

त्या पायलचं लग्न निघालं. सांगोल्यात, फेब्रुवारीत, मुहूर्त बारा पस्तीसचा. आपल्याकडे मामाशिवाय मुलगी मांडवात येत नाही. मामानं आणलेली पिवळी साडी नेसायची आणि मामाचाच हात धरून बोहल्यावर जायचं. पायलने फोनवर दमच दिला होता, "साडी तुम्हीच आणायची, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची नाही. आणि तुम्ही आला नाहीत तर मी खोलीतनं उठणार नाही, सांगून ठेवते."

मास्तर आदल्या दिवशीच निघणार होते, पण लीलाबाईंना ताप भरला. ताप उतरल्याशिवाय गाडीत बसवायचं नाही, हा मास्तरांचा हट्ट. सकाळी अंग गार लागलं तेव्हा कुठे स्वारी निघाली. साडी पिशवीत, पिशवी बॅगेत, बॅग डिकीत, आणि डिकी लागली का म्हणून वर ओढून बघितलेली.

मंगळवेढं मागे पडलं आणि रस्ता तुंबला. पुढे उसाची ट्रॉली आडवी झालेली, ऊस रस्ताभर पसरलेला, आणि बघावं तिथवर गाड्याच गाड्या. लोक खाली उतरून निवांत ऊस चघळत होते. तेवढ्यात बजाबाईचा फोन आला.

"आरं धोंडू, कुटं हायस? समदे मांडवात उभे हाईत! नवरदेव पाटावर हाय, गुरुजी घड्याळ दाखवायलेत. तुज्यावाचून खोळंबलंय समदं!"

मास्तरांनी मागे डिकीकडे वळून बघितलं. पायल खोलीत बसली असणार, दाराकडे बघत. तिला जबरदस्तीनं उठवतील, दुसऱ्याच कुणाच्या तरी साडीत, दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून चालायला लावतील. छे! हे डोळ्यांपुढे आणणंसुद्धा त्यांना नको झालं.

रस्त्याकडेला एक म्हातारा मेंढ्या घेऊन उभा होता, तात्याबा त्याचं नाव. त्यानं विचारलं, "सांगोल्याला निगाला व्हय? मग ही गाडीवाट धरा की. माण नदीच्या पात्रातनं पल्याड निगाल. पाणी न्हाय, नुसती वाळू हाय. गाडी गेली तर गेली."

"गेली तर गेली म्हणजे?"

"म्हंजे न्हाईतर रुतती!"

आयुष्यभर नवऱ्याला भित्रा म्हणून चिडवत आलेल्या लीलाबाई घाबरून म्हणाल्या, "अहो नको, थांबू या की. निघेल ट्रॉली."

मास्तरांना झीवूचं खोरं आठवलं. प्रधानाच्या डोक्यावर अख्खं राज्य होतं, त्यानं नको म्हटलं ते बरोबरच म्हटलं. पण आपल्याकडे काय आहे? एक जुनी गाडी. ती वाळूत राहिली तर राहिली. पण ती पोरगी!

"रुतली तर साडी घेऊन चालत जाईन," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी खाली घातली. लीलाबाईंनी डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घेतली.

रुतायची ती रुतलीच, ऐन पात्राच्या मधोमध. तात्याबा मेंढ्या सोडून धावत आला. कुणाच्या तरी वस्तीवरून कडबा आणून त्यानं चाकांखाली घातला आणि लीलाबाईंना स्टेअरिंगवर बसवलं. त्यांनी आजवर गाडीच्या हॉर्नलासुद्धा हात लावला नव्हता. "हे पॅडल दाब फक्त, दुसरं काही दाबू नको," असं सांगून मास्तर मागून ढकलायला लागले. गाडी उसळली, पल्याड चढली आणि बाभळीच्या अलीकडे आचके देत बंद पडली. लीलाबाई ओरडल्या, "बघितलं का, मी आणली!" मास्तर मागे तोंडातली वाळू थुंकत होते.

बाराचा ठोका पडून जरा वेळ झाला असेल नसेल, कशीबशी पुन्हा चालू झालेली, वाटेत सायलेन्सर गमावलेली गाडी बाहेर सोडून मास्तर साडी छातीशी धरून मांडवात धावत शिरले. मांडव ओस पडलेला! खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आचारी निवांत वांगी चिरतोय.

"नवरदेव कुठाय?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

"अजून मारुतीला बी गेला न्हाय," आचारी म्हणाला.

बजाबाई आली आणि भावाचा अवतार बघून तिनं तोंडाला पदर लावला. "आरं, तसं सांगितल्याबिगर कोन येतंय का येळेवर? मी समद्यांलाच तसं सांगितलंय!"

घ्या! अख्ख्या जिल्ह्यात पत्रिकेवरच्या वेळेवर विश्वास ठेवणारा हा एकच गृहस्थ, आणि बहिणीनं त्यालाच गंडवलं. थोड्या वेळानं हमरस्त्यावर अडकलेले पाहुणे आले, इस्त्री न मोडता, ऊस खाऊन खुशीत. मास्तर खुर्चीवर बसून बुटातली वाळू झाडत राहिले. फार वाईट वाटलं त्यांना. आयुष्यात एकदाच धाडस केलं आणि तेही फुकट.

लीलाबाईंकडून कळताच खोलीतून पायल धावत बाहेर आली. "मामा, तुम्ही नदीतनं आलात? तुम्ही?"

"गरज नव्हती गं," मास्तर ओशाळून म्हणाले. "थांबलो असतो तरी वेळेत पोचलो असतो."

"पण ते तुम्हाला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली. आधी हसली, मग त्यांची मळलेली बाही धरून ढसाढसा रडली. मास्तर तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. गाडीचा सायलेन्सर कुठे पडला, हेही विचारायचं त्यांना सुचलं नाही.

लग्न लागायला दोन वाजले. गुरुजींनी माईकवरून पुकारलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं!"

पिवळ्या साडीत पायल अशी दिसत होती की मास्तरांना बघवेना. त्यांनी तिचा हात धरला आणि उशीर नको म्हणून सरळ मधल्या वाटेनं झपझप निघाले. पायलने हात मागे ओढला.

"मामा, हळू चला ना."

"अगं, गुरुजी बोलावतायत."

"बोलावू देत. मधनं नको, कडेनं जाऊ. तिकडून, लांबनं."

तिनं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. वेई यानची बाजू घेणारी पोरगी आज लांबची वाट मागत होती. ते वळले. खुर्च्यांच्या मागून, आचाऱ्याच्या चुलीजवळून, अख्ख्या मांडवाला वळसा घालत दोघं निघाली. लोक माना वळवून बघायला लागले. बजाबाई हातवारे करत होती.

"अहो मामा, मुहूर्त चाललाय!" गुरुजी ओरडले.

"येतोय हो, येतोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पाऊल आणखी सावकाश टाकलं.